आठवीतला मुलगा, ऑटिझम, राज्य मंडळ: दहावीआधी काय काय मार्गी लावायचं?

कांदिवली_पूर्व

मुलगा 13 वर्षांचा, आठवीत. अनुदानित मराठी शाळा, सेमी इंग्रजी. बोलतो, पण मोजकं आणि विचारलं तरच. आकडेमोड पक्की आहे, शाब्दिक उदाहरण आलं की अडतो. लिहिताना चार-पाच ओळींनंतर हात थांबतो. ऑटिझमचं दिव्यांग प्रमाणपत्र आहे, 50 टक्के, त्यावर मुदत छापलेली आहे. मुख्याध्यापक म्हणतात, "सवलतींचं दहावीला बघू." क्लासवाले म्हणतात, सरळ एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) टाका.

सवलती नक्की कधी आणि कोणाकडे मागायच्या? लेखनिक (मूल सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा) घ्यावा का? एनआयओएस खरंच सोपं पडतं का? आणि बारावीनंतर कॉलेजात यातलं काय टिकतं? धीर देणारे प्रतिसाद खूप वाचले, आता प्रक्रिया सांगा.

---

फाईलबहाद्दर

आधी कागद. "दहावीला बघू" हे ऐकून घेऊ नका. मंडळाकडे अर्ज शाळेमार्फतच जातो आणि मुंबई विभागीय मंडळ वाशीला आहे. दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ सुरू केली तर एखादी त्रुटी निघाल्यावर ती दुरुस्त करायला वेळच उरत नाही. नववी सुरू झाली की जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी बोलणं मोजलं जात नाही.

प्रमाणपत्राची मुदत आजच बघा. दहावीच्या परीक्षेच्या आधी संपत असेल तर नववीतच नूतनीकरणाला लावा. स्वावलंबन या दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून रुग्णालय निवडायचं. केईएम, सायन, नायर इथे गर्दी असते, तारीख लांबची मिळते हे धरून चला. प्रमाणपत्र, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर या तिन्ही ठिकाणी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तंतोतंत सारखी हवी. अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा याच कारणाने, आजाराच्या कारणाने नव्हे.

ऑटिझमची टक्केवारी 'इसा' या भारतीय चाचणीवरून ठरते. 40 मुद्दे, प्रत्येकी 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली आली तर ऑटिझम धरत नाहीत. चाचणीचा मोठा भाग पालकांच्या मुलाखतीवर असतो, आणि इथेच घोळ होतो. चारचौघांत आपलं मूल कमी दिसू नये म्हणून आईबाप सांगतात, "घरी सगळं करतो." ते सगळं आठवण न करता, मदतीशिवाय करतो का, हे सांगायचं असतं. आंघोळीला किती वेळा हाक मारावी लागते, दुकानात सुट्टे पैसे मागतो का, रस्ता बदलला तर काय होतं, हे आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या. सोबत बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल आणि वर्गशिक्षकांचं एक पानी निरीक्षण.

आणखी एक. प्रमाणपत्रावर फक्त "ऑटिझम" असतं, हात थांबतो हे कुठेच नसतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून लेखनवेगाचा अहवाल घ्या: बघून लिहिताना मिनिटाला किती शब्द, मनाने लिहिताना किती, दहाव्या मिनिटाला किती. लेखनिक मागायचा असेल तर हा कागद सर्वांत उपयोगी पडतो.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16 आणि 17: शाळेने भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेनुसार सोयी द्यायच्या. कलम 31: 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण. अर्जात कलम लिहा, पण दमदाटीचा सूर नको, याच माणसांशी अजून अडीच वर्षं काढायची आहेत. ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली भरतं त्यांनीही हात टेकू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या 2021 च्या निकालात स्पष्ट केलंय की लिहिण्यात खरी अडचण असेल तर केवळ 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येत नाही. शाळा, विभागीय मंडळ, दोन्हीकडे काही झालं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथपर्यंत जायची वेळ आलीच तर पोच घेतलेल्या प्रती लागतात, म्हणून वर तेवढा जोर दिला.

---

परळची_बाई (विशेष शिक्षिका)

कागद झाले. आता वर्गातलं. सवलत मंजूर होऊन वापरता न येणं हे मंजूर न होण्याइतकंच वाया जातं, आणि मला सगळ्यात जास्त दिसतं ते हेच.

आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनात बरंच भरून निघतं: प्रकल्प, वही, तोंडी काम. नववीत लेखी परीक्षेचं वजन एकदम वाढतं आणि तिथे मुलं कोसळतात. म्हणून आयईपी, म्हणजे त्या मुलापुरती शिक्षण योजना, आत्ताच लिहून घ्या. "लेखन सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे. "डिसेंबरपर्यंत, एकदाच आठवण करून दिल्यावर, सलग 8 ओळी 15 मिनिटांत लिहील" हे उद्दिष्ट. एका सत्राला अशी चार-पाच पुरेत. वीस लिहिलेली योजना कपाटात जाते.

वर्गातली जागा: भिंतीलगत, दुसरा किंवा तिसरा बाक. दार, खिडकी आणि खडखडणारा पंखा यांपासून दूर. पहिला बाक सगळे सुचवतात, पण मागून येणारे आवाज कशाचे ते दिसत नाही म्हणून काही मुलं तिथे सतत वळून बघत बसतात. परिपाठाला लाऊडस्पीकरच्या समोर उभं करू नका. रांगेच्या शेवटी, नाहीतर पाच मिनिटं उशिरा वर्गात येण्याची परवानगी लेखी घ्या.

खरा त्रास तासांना होत नाही. होतो तो ऑफ तासाला, मधल्या सुट्टीत आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या पंधरवड्यात, कारण तेव्हा काय होणार ते ठरलेलं नसतं. वेळापत्रकाची छोटी पट्टी बाकावर चिकटवा आणि एक लाल कार्ड ठेवा, "आज बदल आहे." शिक्षक बदलणार असतील तर ते कार्ड सकाळीच लावायचं. जुलैत पावसाने शाळा मध्येच सुटते त्या दिवसासाठीही कार्ड हवं: कोणाबरोबर निघायचं, फाटकापाशी कुठे थांबायचं.

वर्गात आरडाओरडा किंवा उठून पळणं होत असेल तर दोन आठवडे तीन रकान्यांची नोंद ठेवायला सांगा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. "उगाचच करतो" असं म्हणणाऱ्या वर्गशिक्षिकेलाही दहा-बारा नोंदींनंतर दिसतं की रोज तो गणिताच्या तासाआधी बाहेर जातो आणि बाहेर पाठवणं हीच त्याला मिळालेली सुटका असते. मग शिक्षा बंद करून त्याला "मला पाच मिनिटं हवीत" असं कार्ड द्यायचं. कार्ड दाखवलं की पाच मिनिटं मिळालीच पाहिजेत, सुरुवातीला प्रत्येक वेळी. एकदा नाकारलं की तो पुन्हा ओरडण्याकडे वळतो, कारण ते हमखास चालतं.

शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) असेल तर ती शेजारी न बसता तिरकी मागे बसावी आणि तिची मदत दर महिन्याला कमी होत गेलेली दिसावी. शॅडोने वही पूर्ण केली म्हणजे मूल शिकलं असं नव्हे. विशेष शिक्षक कोणीही असो, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. संकोच करू नका, आम्हाला त्यात अपमान वाटत नाही.

भाषेबद्दल. कृतिपत्रिकेतल्या (भाषेच्या प्रश्नपत्रिकेतल्या) आकलनाच्या कृती ही मुलं बऱ्यापैकी करतात, उत्तर उताऱ्यातच असतं. अडतात ती स्वमताला. "तुमचे मत लिहा" म्हटलं की कोरं, किंवा एकच शब्द: "चांगलं." साचा द्या: पहिलं वाक्य "मला ... वाटते", दुसरं "कारण ...", तिसरं उदाहरण, चौथं "म्हणून ...". आठवड्याला तीन, रोजच्या विषयांवर: डबा, लोकल, गणपती, पाऊस. साचेबंद दिसतं हे खरं, पण कोऱ्या जागेपेक्षा गुण मिळतात. उपयोजित लेखनात पत्र, बातमी, जाहिरात हे ठरीव आराखड्याचे प्रकार आधी पक्के करा, निबंध आणि कथा शेवटी.

---

भूमितीचे_सर

लेखनिकाबद्दल. वाढीव वेळ तासाला 20 मिनिटं धरा. म्हणजे भाषेच्या 3 तासांच्या पेपरला 1 तास, बीजगणित-भूमितीच्या 2 तासांच्या पेपरला 40 मिनिटं. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीला नववीचा. त्याच्या शाळेचं फोटोसहित पत्र लागतं, आणि एक राखीव लेखनिक तयार ठेवा. मार्चमध्ये मुलं आजारी पडतात.

लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. तोंडाने गणित सांगताना मुलं पायऱ्या गाळतात, थेट उत्तर बोलतात, आणि लेखनिकाने ते तसंच लिहिलं की पायऱ्यांचे गुण जातात. "नवी ओळ", "कंस सुरू", "कंस पूर्ण", "छेदात", "समान चिन्ह" असे ठरलेले शब्द शिकवा. भूमितीत आकृतीवरची अक्षरं आधी सांगायची, मग पक्ष, साध्य, सिद्धता. मोजकं बोलणाऱ्या मुलाला हे फार जड जातं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी भाषा आणि सामाजिक शास्त्रांना लेखनिक, गणिताला स्वतः लिहिणं असा विचार करेन. विषयवार मागता येतं का ते अर्ज करतानाच शाळेकडून मंडळाला विचारून घ्या, नंतर बदल करणं त्रासाचं होतं.

सराव नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून, त्याच वेळात, वेगळ्या खोलीत, अनोळखी पर्यवेक्षकासमोर. ओळखीच्या बाईंसमोर उत्तम सांगणारा मुलगा अनोळखी लेखनिकासमोर गप्प होतो. सत्र परीक्षेला एक लेखनिक, पूर्व परीक्षेला दुसरा, असं मुद्दाम करा.

वाढीव वेळेचा फायदा आपोआप होत नाही. चार तास खुर्चीत बसणं हीच काहींना शिक्षा. कागदावर वेळेचे टप्पे लिहून द्या: पहिला विभाग संपला की पाणी, दुसरा संपला की दोन मिनिटं उभं राहणं. नाहीतर ही मुलं दीड तासात पेपर देऊन मोकळी होतात.

शाब्दिक उदाहरणांसाठी: आधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचायचं (काय काढायचं आहे), मग आकडे गोल करायचे, मग कोणता आकडा कशाचा ते शेजारी लिहायचं, मग समीकरण. "त्यापेक्षा", "प्रत्येकी", "उरलेले" या शब्दांची भिंतीवर यादी.

बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या स्तराचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभवाचा विषय, अशी सवलत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना वर्षानुवर्षं मिळत आलीय. तिचा मोह होईल. आकडेमोड पक्की असलेल्या मुलासाठी घाई करू नका, पॉलिटेक्निक किंवा गणित लागणारा कुठलाही रस्ता पुढे अडतो. गणितात 35 सुद्धा निघत नाहीत असं नववीअखेर दिसलं, तरच.

---

डोंबिवली_फास्ट

माझं मत वेगळं. एनआयओएस का नको? पाचच विषय, त्यातली एक भाषा पुरते. बाकी गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे विषय घेता येतात. पाच वर्षांत नऊ संधी, वाटलं तर एका वेळी एकच विषय. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मराठी माध्यमातून दहावी देता येते. चार पेपर ओळीने देताना जो ताण येतो तोच नाही.

---

परळची_बाई

@डोंबिवली_फास्ट, तुम्ही लिहिलंत ते सगळं बरोबर आहे, फक्त एनआयओएस ही शाळा नव्हे, परीक्षा मंडळ आहे, हे त्यात आलं नाही. आठवीतून काढून एनआयओएसला घातलं की सकाळी सात ते साडेबारा मूल कुठे असणार? क्लासमध्ये दोन तास आणि उरलेला दिवस मोबाईलवर, असं होतं तेव्हा दोन वर्षांत बोलणं आणखी मोजकं होतं. विशेष मुलांसाठी मान्यताप्राप्त असलेलं अभ्यास केंद्र जवळ असेल आणि तिथे रोज वर्ग भरत असतील तर गोष्ट वेगळी. शिवाय शिक्षक-मूल्यांकित स्वाध्यायांना 20 टक्के गुण असतात, ते घरातल्या कोणीतरी बसून लिहून टाकतं आणि परीक्षेत काहीच येत नाही.

नववीच्या पहिल्या सत्रापर्यंत राज्य मंडळात ठेवा. तीन-चार विषयांत सवलती देऊनही पंचवीसच्या आत राहिला, किंवा शाळेच्या नुसत्या नावाने झोप-जेवण बिघडू लागलं, तर एनआयओएस. दहावीत काही विषयांत राहिला तरी रस्ता बंद होत नाही. उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण एनआयओएसला वर्ग करता येतात.

---

डोंबिवली_फास्ट

दिवसभराचा मुद्दा मान्य. पण दादर-ठाण्याच्या मोठ्या शाळांत एका वर्गात साठ मुलं असतात, तिथे तुमचं लाल कार्ड लावणार कोण?

---

परळची_बाई

शेजारच्या बाकावरचा मुलगा. खरंच. वर्गशिक्षिकेला रोज आठवत नाही, वर्गातल्या दोन मुलांना ठरवून काम दिलं तर ते करतात. एकच मुलगा नेमू नका, तो कंटाळतो किंवा दादागिरी करायला लागतो. दोघं, दर महिन्याला बदलून.

---

समान_संधी_कक्ष

कॉलेजचं विचारलंय म्हणून. शाळेतून कॉलेजात जाताना एक मोठा फरक पडतो: शाळेत पालक मागतात, कॉलेजात विद्यार्थ्याने मागायचं असतं. वर्गशिक्षक नावाची व्यक्तीच नाही. म्हणून अकरावीपासून त्याच्याच तोंडून किंवा त्याच्याच ईमेलवरून मागणं जायला हवं. एक पान तयार करा, प्राध्यापकांना द्यायला: "मला ऑटिझम आहे. गटात बोलायला वेळ लागतो. सूचना लिहून दिल्या तर पूर्ण करतो. अचानक नाव घेऊन प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही बोलता येत नाही." चार-पाच वाक्यं, बास. निदानाचा इतिहास त्यात नको, तो कोणी वाचत नाही.

प्रवेश: 2016 च्या अधिनियमाच्या कलम 32 प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सूट आहे. विनाअनुदानित अभ्यासक्रमांना हे कितपत लागू करतात ते प्रवेश घेण्याआधी लेखी विचारा, कारण मुंबईत एकाच इमारतीत अनुदानित बीकॉम आणि विनाअनुदानित बीएमएस दोन्ही चालतात.

परीक्षा: दहावी-बारावीला मंजूर झालेल्या सवलती आपोआप पुढे येत नाहीत. दर सत्राच्या सुरुवातीला परीक्षा विभागात नवा अर्ज, सोबत यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) आणि मंडळाचं जुनं मंजुरीपत्र. स्वायत्त कॉलेज असेल तर निर्णय कॉलेजातच होतो. संलग्न कॉलेजात काही वर्षांच्या परीक्षा कॉलेज घेतं, काही विद्यापीठ, तेव्हा अर्ज कुठे जातो ते आधी विचारा. केंद्र दुसऱ्या कॉलेजात आलं तर परीक्षेआधी आठवडाभर तिथे जाऊन केंद्रप्रमुखांना पत्र दाखवा. 2021 मध्ये अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यात नीट परीक्षेत तिला हक्काचा जादा तास मिळालाच नव्हता. नियम होता, केंद्रावरच्या माणसांना माहीत नव्हता.

उपस्थितीचे 75 टक्के हा छुपा सापळा. थेरपी किंवा डॉक्टरांच्या तारखांमुळे जाणारे दिवस वर्षाच्या शेवटी न सांगता दर महिन्याला लेखी कळवा. गटप्रकल्पात त्याला "जमेल ते कर" असं सोडू नका, नेमकं काम नेमून द्या: माहितीचे तक्ते, संदर्भ, स्लाइड. आणि टायपिंग आत्तापासून, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. कॉलेजात लेखनिकापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

कॉलेज निवडताना कटऑफच्या आधी लोकलची दिशा बघा. कांदिवलीहून सकाळी चर्चगेटकडे जाणारी फास्ट हा रोजचा दीड तासाचा छळ आहे. बोरिवली, भाईंदर, वसई या उलट्या दिशेला गर्दी कमी. सात वाजताच्या बॅचचं वाणिज्य कॉलेज असेल तर तेही चालेल. दिव्यांग डबा कुठे येतो ते फलाटावर उभं राहून दाखवा, आणि "गाडी चुकली तर पुढची, फलाट बदलला तर आधी इंडिकेटर बघायचा, मग जिना" हा नियम वर्षभर आधीपासून घोटून घ्या.

18 पूर्ण झाल्यावर कोणीतरी कायदेशीर पालकत्व घ्यायला सांगेल. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली ते जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतं, तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा. पण जो मुलगा स्वतः सही करून बँकेचं खातं समजून चालवू शकतो त्याच्यासाठी सरसकट घेऊ नका, त्याचीच सही त्यामुळे कमजोर होते. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना मात्र आत्ताच घ्या: वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

---

कांदिवली_पूर्व

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवतोय. एक राहिलं. भाषेचे 20 गुण अंतर्गत असतात, त्यात तोंडी. आमचा अनोळखी माणसासमोर बोलतच नाही. तिथे लेखनिक काय करणार?

---

परळची_बाई

तोंडी परीक्षा शाळाच घेते, म्हणून इथे वाशीला जायची गरज नाही, भाषाशिक्षकांशी बोला. तीन गोष्टी मागा: वर्गासमोर न घेता एकट्याची, ओळखीच्या शिक्षकांकडून, आणि प्रश्न तोंडी विचारण्यासोबत चिठ्ठीवर लिहून. उत्तरासाठी निदान दहा सेकंद गप्प राहून वाट बघायची, प्रश्न बदलून पुन्हा विचारायचा नाही. प्रश्न बदलला की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. श्रवणाच्या भागाला मागच्या बाकाचा गोंगाट चालत नाही, वाचनालय किंवा संगणक कक्ष मागा. भाषणासाठी विषय आठवडाभर आधी ठरवून मिळाला तर घरी मोबाईलवर रेकॉर्ड करून सराव होतो. हे सगळं जूनच्या त्याच अर्जात वेगळा मुद्दा म्हणून लिहा, कारण जानेवारीत भाषाशिक्षकांकडे गुण भरायची घाई असते आणि न बोललेल्या मुलाला सरसकट कमीत कमी गुण देऊन रकाना भरला जातो.